सहा वर्षांच्या मुलीसाठी व्हायोलिन: भाड्याने आणावं की विकत घ्यावं?

पहिला_धडा

मुलगी सहा वर्षांची आहे, व्हायोलिनचा क्लास पुढच्या महिन्यात सुरू होतोय. बाईंनी माप घेतलं: डावा हात बाजूला ताठ पसरून मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत ४७ सेंमी. त्यांनी १/४ साइझ सांगितली. वाद्य कुठून आणायचं हे आमच्यावर सोडलंय. समोर तीन पर्याय आहेत.

एक, भाड्याने. महिन्याचं भाडं त्याच दुकानातल्या नव्या वाद्याच्या किमतीच्या अठराव्या हिश्शाइतकं. अनामत दोन महिन्यांची, मुदत किमान सहा महिने.

दोन, ऑनलाइन नवा सेट. व्हायोलिन, बो (गज), वाद्य ठेवायची केस, बोला लावायची राळ सगळं एकत्र, आणि किंमत दुकानातल्या वाद्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

तीन, नात्यात एक १/२ साइझचं व्हायोलिन बरीच वर्षं पडून आहे, ते फुकट मिळतंय. घरात सगळ्यांचं म्हणणं असं की पोर वाढतेच आहे, वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तसं मोठंच घ्या.

भाड्याचे पैसे वायाच जातात असं वाटतंय, म्हणून मन घट्ट होत नाहीये. करारात काय बघायचं? आणि वाद्य हातात आल्यावर ते धड आहे की नाही हे आमच्यासारख्या अनोळखी माणसाने कसं ओळखायचं?

---

चार_तारा

आधी तिसऱ्या पर्यायाबद्दल बोलते. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं, आणि वाद्य फुकट असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मोठ्या फ्रॉकची बाही दुमडता येते, मोठ्या व्हायोलिनचं तसं काही करता येत नाही. वाद्य लांब असलं की डावा हात कोपरात जवळजवळ सरळ होतो. सरळ झालेलं कोपर वाद्याखाली आत वळत नाही, म्हणून करंगळी तारेवर पोचत नाही. ती पोचवण्यासाठी मूल मनगट मोडून तळहात वाद्याच्या दांडीला टेकवतं. तळहात टेकला की बोटं वरून उभी पडायच्या ऐवजी आडवी पडतात, शेजारच्या तारेला लागतात आणि सूर मुका येतो. शिवाय पुढचं वजन सावरायला डावा खांदा वर चढतो आणि हनुवटी घट्ट दाबली जाते. उजव्या हाताचंही तसंच. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी, अंगापासून लांब गेली की बो टोकापर्यंत नेताना हात पुरत नाही, मग शेवटच्या वीतभर अंतरात बो तिरका होतो आणि तारेवरून घसरतो. या सवयी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बसतात. काढायला मात्र वर्ष लागतं, आणि त्या वर्षात शिकवणं पुढे सरकत नाही.

दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. वाद्य खांद्यावर ठेवा, हनुवटी जागेवर, डावा हात खालून पुढे नेऊन स्क्रोल, म्हणजे टोकाची गुंडाळी, हातात धरायला सांगा. बोटं तिच्याभोवती आरामात वळायला हवीत आणि त्याच वेळी कोपरात स्पष्ट बाक दिसायला हवा. ताणून जेमतेम पोचत असेल तर एक साइझ खाली या. मूल दोन साइझच्या मध्ये असेल तरी लहानच घ्या. लहान वाद्याने फार तर आवाज थोडा बारीक येतो, हात बिघडत नाही.

मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंतच्या मापावरून अंदाज असा: ३६ सेंमीला १/१६, ४२ ला १/८, ४७ ला १/४, ५१ ला १/२, ५६ ला ३/४, आणि ५८ ते ६० च्या पुढे पूर्ण, म्हणजे ४/४. एका कारखान्यापासून दुसऱ्यात एखादा सेंमी इकडेतिकडे होतो, म्हणून आकड्यापेक्षा वरच्या परीक्षेवर भरवसा ठेवा. या नावांनी फसूही नका. १/२ म्हणजे निम्मं नव्हे. पूर्ण व्हायोलिनच्या पेटीची, म्हणजे दांडी सोडून उरलेल्या पोकळ अंगाची, लांबी ३५.५ सेंमीच्या आसपास, तर १/२ ची ३१ ते ३२ आणि १/४ ची २८. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण सहा वर्षांच्या हाताला तो दांडीच्या टोकाशी कळतो.

तुमच्या मुलीचं माप १/४ साठी आत्ता कुठे पुरतंय. १/२ ला अजून ४ सेंमी हवेत. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी उंच होतात. दोन्ही हात पसरले की ती लांबी जवळपास उंचीइतकी भरते, म्हणजे एका हाताच्या वाट्याला वर्षाला अडीच-तीन सेंमी. तेव्हा १/४ सव्वा ते दीड वर्ष चालेल असं धरा. भाड्याचा हिशेब या मुदतीवर मांडा.

---

घोडी_आणि_खुंटी

साइझबद्दल वरच्या उत्तरात सगळं आलंय. मी दुसऱ्या पर्यायाबद्दल आणि तपासणीबद्दल सांगतो.

एक तृतीयांश किमतीत येणारा सेट बहुतेक वेळा वाजवण्याजोगा जुळवलेलाच नसतो. खोकं उघडल्यावर घोडी वेगळ्या पुडीत निघते. कारखान्यातून आलेली कच्ची घोडी जाड असते आणि तिचे पाय सपाट असतात. वाद्याची वरची फळी मात्र फुगीर असते, त्यामुळे पाय कडांवरच टेकतात आणि मधे फट राहते. घोडीचे पाय त्या एकाच वाद्याच्या फुगवट्याप्रमाणे चाकूने घडवावे लागतात, माथ्याची कमान कोरावी लागते, जाडी उतरवावी लागते. साउंडपोस्ट, म्हणजे आतली उभी काडी, प्रवासात पडून पोटात खडखडत असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. खुंट्या भोकांत नीट बसवलेल्या नसतात. नवी घोडी, काडीची जुळणी, खुंट्या आणि बऱ्यापैकी तारा एवढं करून घेतलं की खर्च सेटच्या किमतीच्या पुढे जातो, आणि तरीही फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं जिच्यावर दाबतात ती दांडीवरची पट्टी, मऊ लाकडाचाच राहतो.

मुलं वाद्य सोडतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. तार उंच असली तर ती दाबायला बोटाला जास्त जोर लागतो. दाबताना ती ताणली जाऊन सूर चढतो. मूल बरोबर जागी बोट ठेवतं तरी बेसूर येतं, आणि घरातल्यांना वाटतं हिला कान नाही.

आता हातात घेऊन काय बघायचं ते. वाद्य भाड्याचं असो की विकतचं, हे सगळं दुकानातच बघा.

नटपासून सुरुवात करा. खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या छोट्या पट्टीवरून उतरतात तिला नट म्हणतात. तिथे तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवा. एक कार्ड जेमतेम जावं. दोन कार्डं सैल जात असतील तर पहिलं बोट ठेवणंच जड जाईल. मग फिंगरबोर्डच्या दुसऱ्या, घोडीकडच्या टोकाला पट्टी लावा. पूर्ण साइझला जाड जी तारेखाली ५ ते ५.५ मिमी आणि बारीक ई तारेखाली ३ ते ३.५ मिमी अंतर ठीक. १/४ ला याहून कमीच हवं. तिथे ई खाली ४ मिमी दिसले तर घोडी उतरवून मागा, दुकानदाराने ते करून द्यायला हवं.

खुंटी हा भाग जरा जवळून बघा, कारण घरी रोज भांडण तिच्याशीच होतं. खुंटी निमुळती असते. ३० मिमी लांबीला व्यास १ मिमीने कमी होतो, आणि खुंट्यांच्या पेटीच्या दोन्ही भिंतींतली भोकंही त्याच उताराची हवीत. एखादी तार सैल करून खुंटी बाहेर काढायला सांगा, एका वेळी एकच. तिच्या अंगावर दोन चकचकीत पट्टे दिसले पाहिजेत, प्रत्येक भिंतीचा एक, आणि ते पूर्ण गोल फिरलेले असले पाहिजेत. एकच पट्टा असेल किंवा तो अर्धवट असेल तर खुंटी एकाच भिंतीत अडकते. ती एक तर सटकेल, नाही तर झटक्याने फिरेल. त्यावर खडू किंवा मलम लावून काही होणार नाही, खुंटी आणि भोक दोन्ही नव्याने जुळवावी लागतात.

फिंगरबोर्ड काळा दिसतो म्हणून एबनीचाच, म्हणजे कठीण काळ्या लाकडाचाच, असेल असं नाही. त्याच्या खालच्या, दांडीपासून सुटलेल्या बाजूला बघा. तिथे फिकं लाकूड किंवा रंगाचे ओघळ दिसले तर तो रंगवलेला आहे. मऊ लाकडात वर्षभरात तारांच्या रेघा पडतात आणि मग तारा खरखरतात. वरची फळी प्लायवूडची आहे का हे एफ आकाराच्या छिद्राच्या कडेला कळतं. तिथे थर दिसले तर वाद्य परत द्या.

घोडीचे पाय त्या छिद्रांच्या आतल्या खाचांच्या रेषेत हवेत, आणि टेलपीसकडची, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याकडची, तिची पाठ फळीला काटकोनात. पायाखाली कागद सरकला तर बसवणूक चुकली आहे. ई तारेकडच्या छिद्रातून आत डोकावलं की घोडीच्या त्या बाजूच्या पायामागे किंचित अंतरावर काडी सरळ उभी दिसली पाहिजे. शेवटी बोटाच्या पेराने पेटीच्या कडेकडेने हलकं ठोकत पूर्ण फेरी मारा. आवाज सगळीकडे भरीव हवा. कुठे चरचर आली तर तिथला सांधा उघडला आहे. सांधा उघडणं ही छोटी बाब आहे. घोडीच्या खाली किंवा पाठीवर काडीच्या जागी लांबट चीर दिसली तर मात्र हात जोडा आणि निघा. ती दुरुस्ती शिकाऊ वाद्याच्या किमतीहून महाग पडते.

टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू) मागून घ्या. लहान बोटांनी खुंटी फिरत नाही. बो फायबरग्लासचा असला तरी चालेल. या वयात तो पडतो, आणि लाकडी बो पडला तर टोकाशी तुटतो. बोचे केस ताणल्यावरही बोच्या काडीचा बाक आतल्या बाजूलाच राहिला पाहिजे. काडी सरळ झाली किंवा बाहेर फुगली तर बदलून घ्या.

---

हिशेबी

तुम्ही भाड्याचं प्रमाण दिलंत ते बरं झालं, रुपयांशिवायच मांडता येईल. नव्या वाद्याची किंमत १ धरू. भाडं महिन्याला १/१८, म्हणजे साधारण ०.०५६.

विकत घेतलं आणि पुढे निम्म्या किमतीत विकलं, तर घसारा ०.५. मधल्या काळात तारांचा एक संच आणि बोला नवे केस, याचे ०.१ धरा. एकूण ०.६. भाड्याने हीच रक्कम गाठायला ०.६ × १८, म्हणजे साधारण ११ महिने. अकरा महिन्यांच्या आत थांबलात तर भाडं स्वस्त, पुढे गेलात तर विकत स्वस्त. वर सव्वा ते दीड वर्षाचा अंदाज आलाय. सोळा महिने धरले तर भाड्याचे ०.८९ जातील, विकतचे ०.६. म्हणजे मुलगी टिकली तर भाडं वाद्याच्या किमतीच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त महाग पडेल.

त्या पाव हिश्शात काय मिळतं, ते बघा. सहा महिन्यांनी ०.३३ खर्चून बाहेर पडता येतं. हात वाढला की त्याच दिवशी साइझ बदलते. खुंटी, घोडी, सांधा याची डोकेदुखी दुकानाची राहते. आणि तो ०.५ चा परतावा मिळेलच असं नाही. लहान साइझला गिऱ्हाईक मर्यादित असतं. ज्याला आत्ता नेमकी १/४ हवी आहे असाच माणूस ते घेणार, आणि तो सापडेपर्यंत वाद्य कपाटात पडून. परतावा ०.३ वर आला तर विकतचा खर्च ०.८ होतो आणि दोन्ही जवळजवळ सारखे पडतात. मग भाड्यालाच माझं मत.

करारात हे शब्दशः वाचा. भाड्यातला किती भाग पुढच्या खरेदीत वळता होतो, आणि कशात? काही ठिकाणी फक्त त्याच वाद्याच्या किमतीत वळता होतो. हे आकर्षक दिसतं पण तुमच्या कामाचं नाही, कारण १/४ तुम्हाला कायमची नकोच आहे. साइझ बदलली की जमा रक्कम पुढे चालू राहते की शून्यावर येते, हे विचारा. ज्या किमतीतून ती वजा होणार ती छापील आहे की रोख घेणाऱ्याला मिळते ती, हेही. बदलीसाठी वेगळं शुल्क आहे का? किमान सहा महिन्यांच्या आत साइझ बदलली तर सहा महिने नव्याने मोजतात का? तुटलेली तार कोणाच्या खर्चाची? बहुतेक करारांत तारा आणि बोचे केस भाडेकरूकडे असतात, ते ठीक, पण लिहिलेलं असावं. नुकसानभरपाईची योजना असेल तर तिच्यात अपघात येतो, पण हरवणं किंवा चोरी येते का? बो आणि वाद्याची केस तिच्यात धरलेत का?

‘सामान्य झीज’ या शब्दांखाली काय काय येतं, ते मात्र लेखी घ्या. उघडलेला सांधा, झिजलेली खुंटी, वाकलेली घोडी ही झीज. दांडी मोडणं, फळीला चीर जाणं हे नुकसान. ही रेघ करारात आखलेली नसेल तर अनामत परत मिळताना वाद होतो.

---

गजाची_बाजू

विकत घेण्याची बाजू थोडी मांडतो, कारण ती नेहमीच चुकीची नसते.

धाकटं भावंड असेल आणि तेही शिकणार असेल, तर १/४ दोनदा वापरली जाते आणि वरचा हिशेब उलटतो. वाद्य बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे वापरलेलं, जुळवून ठेवलेलं लहान व्हायोलिन मिळालं तर तेही नव्यापेक्षा बरं. पहिला मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो, लाकूड स्थिरावलेलं असतं आणि काही उघडायचं असेल तर ते उघडून दुरुस्त झालेलं असतं. काही विक्रेते लहान साइझ परत घेऊन तिची किंमत मोठ्या साइझमध्ये वळती करतात. लेखी तसं मिळत असेल तर ती विक्री भाड्याइतकीच मोकळी आहे, आणि स्वस्तही.

साइझप्रमाणे मत बदला. १/१६ ते १/४ बहुधा भाड्याने. १/२ ला मूल टिकलंय हे कळलेलं असतं, तिथे दोन्ही तोलून बघा. ३/४ बऱ्याचदा दोन वर्षं चालते, चांगली वापरलेली मिळाली तर विकत घ्या. पूर्ण साइझ विकतच, आणि तेव्हा घाई करू नका. शिक्षकांकडून तीन-चार वाद्यं एकाच बोने वाजवून घ्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐका. कानाखाली गोड वाटणारं वाद्य लांबून बारीक ऐकू येऊ शकतं.

पर्याय दोन कोणत्याही साइझला नको, याबाबत मात्र वरच्यांशी सहमत.

---

दांडी_आणि_पडदे

हा धागा वाचून गिटारचे पालकही येतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. गिटारला हा हिशेब तसाच्या तसा लावू नका. तिच्यात सैल काडी नाही, सरकणारी घोडी नाही, खुंट्या दातेरी असतात आणि बो नाहीच. बिघडण्यासारखं कमी, म्हणून लहान गिटार विकत घेणं बहुधा परवडतं. नायलॉन तारांचीच घ्या, स्टीलच्या तारांचा ताण लहान बोटांना फार होतो. बाराव्या पडद्यावर बारीक तारेखाली ३ मिमी आणि जाड तारेखाली ४ मिमी अंतर पुरे. पूर्ण गिटारची तार ६५० मिमी असते. दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की ती सुमारे ५७९ मिमी उरते, म्हणजे ३/४ च्या जवळपास. पडद्यांमधलं अंतर असं सोडवता येतं, पण पेटी तेवढीच मोठी राहते. उजवा खांदा पेटीवरून वर उचलला जात असेल तर लहान गिटारच हवी.

चेलो उलट टोकाला आहे. किंमत मोठी, फळी रुंद म्हणून चिरा जास्त, दुरुस्ती महाग, आणि मूल तो स्वतः उचलून नेताना दाराच्या चौकटींना लागतो. लहान चेलो भाड्यानेच, आणि नुकसानभरपाईची योजना घेऊनच.

---

पहिला_धडा

सगळ्यांचे आभार. भाड्याने घ्यायचं ठरलं. अनामत आणि झीज याबद्दल लेखी मागितलंय, साइझबदलीत जमा रक्कम चालू राहील असं त्यांनी मान्य केलंय.

तीन गोष्टी उरल्यात. नात्यातलं १/२ ठेवायचं की नको म्हणायचं? मुलीच्या हातून घरी काय काय बिघडू शकतं, आणि त्यातलं आम्ही काय करायचं, काय दुकानावर सोडायचं? आणि बाईंनी फिंगरबोर्डवर चिकटपट्ट्या लावायला सांगितल्यात, भाड्याच्या वाद्यावर त्या चालतील का?

---

घोडी_आणि_खुंटी

१/२ अवश्य ठेवा, फक्त दीड वर्ष त्याला हात लावू देऊ नका. त्याआधी एकदा कारागिराला दाखवा आणि वरची ठोकून बघायची फेरी करून घ्या. ठेवताना तारा पूर्ण सोडू नका. सगळ्या सोडल्या की काडी पडते आणि घोडीची जागा हरवते. एखाद्या स्वराने उतरवा, बस. वाद्याची केस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. माळा, गच्चीखालची खोली, उन्हात उभी गाडी या जागा टाळा. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली की लाकूड शांत असतं. महिन्यातून एकदा केस उघडून उजेडात ठेवा. बंद अंधाऱ्या केसमध्ये किडे बोचे केस कुरतडतात. उघडल्यावर बोचे केस तुटून लोंबत असतील आणि गादीवर बारीक भुसा असेल तर ते त्यांचंच काम. वापरायला काढाल तेव्हा नव्या तारा घाला, आणि त्या १/२ च्याच. पूर्ण साइझच्या तारा लहान वाद्यावर लावल्या तर कंपणाऱ्या भागाची लांबी कमी पडते, ताण सैल राहतो आणि आवाज लोळतो.

आता रोजचं. सगळ्यात जास्त वेळा खुंटी सटकते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंटी सुटते, दमट हवेत फुगून अडकते. फिरवताना ती आतल्या बाजूला ढकलत फिरवा, नुसती पिळू नका. तारेचे शेवटचे वेढे खुंट्यांच्या पेटीच्या भिंतीकडे सरकत गेले तर तार स्वतःच खुंटीला आत ओढून धरते. वेढे मधेच गोळा झाले असतील तर ती सुटत राहणार. एवढ्याने भागलं नाही तर खुंटीवरच्या त्या चकचकीत पट्ट्यांवर थोडा कोरडा खडू. तेल कधीही नको, ते लाकडात मुरतं आणि खुंटी पुन्हा पकडत नाही.

दुसरं, घोडी. तारा सुरात लावताना तिचा माथा दर वेळी किंचित फिंगरबोर्डकडे ओढला जातो. आठवड्यातून एकदा बाजूने बघा. कललेली दिसली तर वाद्य मांडीवर घ्या, दोन्ही हातांच्या चिमटीत माथा धरून हलकेच मागे आणा, पाय जागचे हलू देऊ नका. हे पहिल्यांदा बाईंसमोर करा. दुर्लक्ष केलं तर घोडी वाकते, एक दिवस धाडकन पडते, आणि खाली टेलपीस फळीवर आपटतो. घोडी पडली तर उरलेल्या तारा सैल करा, वाद्य मऊ कापडात ठेवा आणि दुकानात न्या. स्वतः उभी करू नका. आतली काडी पडलेली असताना तारा ताणल्या तर फळी दबते, आणि पडलेल्या घोडीचं नुकसान तिच्यापुढे काहीच नाही.

तिसरं, सांधा. व्हायोलिन सरसाने जोडतात आणि फळीच्या कडांना तो मुद्दाम पातळ लावतात. लाकूड आकसलं की जोर सांध्यावर यावा, तो उघडावा आणि फळी चिरू नये, ही त्यामागची योजना आहे. सांधा उघडला म्हणजे मुलीने काही केलं असं नाही, तिला रागावू नका. फेव्हिकॉल तर मुळीच लावू नका. पुढचा कारागीर तो सांधा पुन्हा स्वच्छ उघडू शकणार नाही. दुकानात द्या, तासाभराचं काम आहे, मग एक रात्र शिकंज्यात.

बो वाजवून झाला की स्क्रू सैल करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. वाजवताना मधोमध केस आणि काडीत पेन्सिलीच्या जाडीएवढं अंतर पुरे. केसांना बोट लावू देऊ नका, तेलकट जागी राळ धरत नाही आणि तिथे आवाज निसटतो. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, तिच्यावर बारीक सँडपेपर एक-दोनदा फिरवल्याशिवाय ती लागतच नाही. वाजवून झालं की तारांखाली पडलेली पांढरी पूड कोरड्या सुती कापडाने पुसा. ती राहिली तर व्हार्निशला धरते.

---

चार_तारा

पट्ट्या चालतील, दुकानाला आधी सांगून ठेवा. ३ मिमी रुंदीची, गोंद मागे न सोडणारी पट्टी घ्या. साधी सेलोटेप किंवा औषधाची चिकटपट्टी नको, बोटांच्या उबेने तिचा गोंद पाझरतो आणि तारेला लागतो.

जागा मोजायला तयार तक्ता शोधू नका, तो एखाद्याच साइझचा असतो. नटच्या आतल्या कडेपासून घोडीच्या माथ्यापर्यंत तारेची लांबी पट्टीने मोजा. सुटी तार सा धरली तर शुद्ध रे त्या लांबीच्या १/९ वर येतो, शुद्ध ग १/५ वर, शुद्ध म १/४ वर. पूर्ण साइझची तार ३२८ मिमी असेल तर पहिली पट्टी ३६ मिमीवर, दुसरी ६६ वर, तिसरी ८२ वर. १/४ ला तार लहान, म्हणून सगळी अंतरं त्याच प्रमाणात आखडतात. तार दाबताना सूर किंचित चढतो, तेव्हा मोजलेल्या खुणेपेक्षा पट्टी अर्धा मिमी नटकडे ठेवा आणि मग सूर दाखवणारा ट्यूनर लावून कानाने पक्की करा. पट्टी तारांखालून सरकवून दांडीच्या मागे नेऊन जोडा. तारा सोडायची गरज नाही.

साइझ बदलली की पट्ट्या नव्याने मोजायच्या. मुलीची बोटं आठवडा-दोन आठवडे जुन्या अंतरावर पडतील, त्या दिवसांत नवे धडे नकोत, येत असलेलेच वाजवू द्या. जुनं वाद्य परत देताना पट्टी हळू सोलून काढा आणि राहिलेला गोंद कोरड्या अंगठ्याने चोळून गोळा करा. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यातलं काही लावू नका. फिंगरबोर्डला कदाचित काही होणार नाही, पण एक थेंब ओघळून पेटीवर गेला तर व्हार्निश तिथल्या तिथे विरघळतं, आणि ते करारात झीज म्हणून धरत नाहीत.